पदार्थांच्या साधर्म्याचे जाळे: प्रश्नापासून नकाशापर्यंतचा क्रम

प्रत्येक पदार्थ हा एक नोड आणि पुरेशा सारख्या दोन पदार्थांमध्ये एक दुवा, एवढीच पदार्थांच्या जाळ्याची कल्पना आहे. ती सोपी असल्यामुळे बहुतेक जण थेट चित्र काढायला बसतात. माहिती उतरवून घेतली जाते, सॉफ्टवेअरमध्ये टाकली जाते, रंगीत पुंजके दिसू लागतात आणि मग त्या पुंजक्यांचा अर्थ शोधला जातो. चुकीचे निर्णय मात्र त्याआधीच, कोणाच्या लक्षात न येता झालेले असतात. खानदेशातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असा प्रकल्प घेणाऱ्यांना कामाचा क्रम नीट लावता यावा, या हेतूने पुढील टप्पे दिले आहेत. पायथॉनची जुजबी ओळख आणि आठ जीबी मेमरीचा साधा संगणक एवढ्यावर हे काम होते.

१. प्रश्न एका वाक्यात लिहावा

‘सारखे’ म्हणजे कशासाठी सारखे, हे ठरल्याशिवाय एकही फाईल उतरवू नये. सौरघटात सिलिकॉनच्या जागी काय चालेल, हा एक प्रश्न झाला; एका पदार्थाच्या स्फटिकावर दुसऱ्याचा थर चढवता येईल का, हा दुसरा. पहिल्यात बँड गॅपला (इलेक्ट्रॉन मोकळा होऊन वीज वाहण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) महत्त्व आहे, तर दुसऱ्यात जालक स्थिरांकाला (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेशीच्या बाजूची लांबी). गॅलियम आर्सेनाइडचा जालक स्थिरांक ५.६५ अँगस्ट्रॉम आहे आणि साध्या मिठाचा ५.६४. केवळ हा एक आकडा घेतला तर दोघे सख्खे शेजारी ठरतात. प्रत्यक्षात एक अर्धवाहक आहे, दुसरा विद्युतरोधक, आणि दोघांची स्फटिकरचनाही वेगळी आहे.

आपल्या भागातले पदार्थ जाळ्यात घ्यावेत असे अनेकांना वाटते: दीपनगरच्या औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश, जळगावच्या पाइपांचे पीव्हीसी, केळीच्या खोडाचा धागा. कल्पना चांगली आहे, परंतु हे पदार्थ स्फटिकी संयुगांच्या जाळ्यात बसत नाहीत. फ्लाय ॲशमध्ये काचरूप भाग, क्वार्ट्झ आणि म्युलाइट एकत्र असतात आणि त्यांचे प्रमाण कोळशानुसार बदलते. केळीच्या धाग्याची ताकद तो कसा काढला, कसा वाळवला यावर ठरते. त्यांना एकच रासायनिक सूत्र नाही. त्यांचे जाळे जरूर करावे, मात्र ते स्वतंत्र असावे आणि सर्व नमुन्यांची मोजणी एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच यंत्रावर झालेली असावी.

तपासणी: लिहिलेले वाक्य विषयाबाहेरच्या माणसाला वाचून दाखवावे. ‘सारखे म्हणजे नेमके कशात?’ असे त्याने विचारले, तर वाक्य अजून अपुरे आहे.

२. यादी गोळा करावी आणि धुऊन घ्यावी

अर्ध्याहून अधिक वेळ या टप्प्यात जातो आणि तो जायलाच हवा. संयुगांसाठी मटेरियल्स प्रोजेक्ट, ओक्यूएमडी आणि एफ्लो हे मोठे खुले संग्रह आहेत. त्यांतील बहुतेक आकडे प्रयोगातून आलेले नसून संगणकीय गणनेतून आलेले आहेत, आणि बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

पहिली गोष्ट, एकच स्रोत निवडावा. पीबीई या प्रचलित अंदाजी पद्धतीने केलेल्या गणनेत सिलिकॉनचा बँड गॅप सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो, तर मोजलेली किंमत १.१२ आहे. झिंक ऑक्साइडची मोजलेली किंमत ३.३ ते ३.४ आहे, पण गणना एकच्याही खाली उतरते. अर्ध्या ओळी गणनेच्या आणि अर्ध्या हस्तपुस्तिकेतल्या असतील, तर जाळ्यात पदार्थांचे गट पडणार नाहीत, स्रोतांचे पडतील. आणि ते इतके सुबक पडतील की शंकाही येणार नाही.

दुसरी गोष्ट, एकके आणि पेशी. संग्रहात ‘आकारमान’ हा आकडा बहुधा दिलेल्या एकक पेशीचा (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान ठोकळ्याचा) असतो. सिलिकॉनच्या रूढ पेशीत आठ अणू असतात आणि तिचे आकारमान सुमारे १६०.२ घन अँगस्ट्रॉम असते, तर मूळ (सर्वांत लहान) पेशीत दोनच अणू आणि सुमारे ४०. पदार्थ एकच, पण आकडा चौपट. म्हणून आकारमान, ऊर्जा असे सर्व आकडे दर अणूमागे करून घ्यावेत. सिलिकॉनसाठी दोन्हींकडून सुमारे २०.० यायला हवे.

तिसरी गोष्ट, रिकामी घरे. बँड गॅपच्या रकान्यात शून्य असेल तर तो पदार्थ धातूसारखा आहे, असा अर्थ होतो. घर रिकामे असेल तर ती किंमत उपलब्ध नाही, असा. रिकाम्या घरांत शून्य भरण्याची सवय अनेकांना तक्ते करताना लागलेली असते आणि त्यामुळे उत्तम विद्युतरोधकही धातूंच्या पंक्तीत जाऊन बसतात. स्थितिस्थापकतेचे आकडे तर संग्रहातल्या थोड्याच पदार्थांसाठी असतात. जिथे बरीच घरे रिकामी आहेत तो रकाना सोडून द्यावा. थोडीच रिकामी असतील तर त्या ओळी वगळाव्यात आणि किती वगळल्या ते लिहून ठेवावे.

चौथी गोष्ट, पुनरावृत्ती. एकच रचना दोन-तीन क्रमांकांखाली असू शकते. पायमॅटजेन या पायथॉन साधनसंचातील रचना जुळवणारे साधन वापरून अशा जोड्या काढून टाकाव्यात, अन्यथा जाळ्यातले सर्वांत मजबूत दुवे एखाद्या पदार्थाचे स्वतःशीच असतील. सूत्र सारखे म्हणून ओळ उडवण्याची चूक मात्र करू नये. टायटॅनियम डायऑक्साइडचे रुटाइल आणि ॲनाटेज हे दोन वेगळे पदार्थ आहेत. एकाचा बँड गॅप सुमारे ३.० आणि दुसऱ्याचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हिरा आणि ग्रॅफाइट यांचे उदाहरण तर शाळेपासून माहीत असते, तरीही सूत्रावरून ओळी एकत्र करताना ते कोणाला आठवत नाही.

पाचवी गोष्ट, काल्पनिक पदार्थ. संग्रहांत प्रयोगशाळेत कधीच तयार न झालेल्या रचनाही असतात. ‘हलपासूनची ऊर्जा’ (सर्वांत स्थिर पर्यायांपेक्षा ऊर्जा किती जास्त आहे) या रकान्यावरून त्यांची स्थिरता कळते. मर्यादा किती ठेवायची हे प्रश्नावर अवलंबून आहे, पण ती ठेवली पाहिजे आणि अहवालात लिहिली पाहिजे.

इशारा: दोन तक्ते सूत्रांवरून जोडताना सर्व अक्षरे लहान किंवा सर्व मोठी करू नयेत. कोबाल्टची संज्ञा आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूत्र यांत केवळ दुसऱ्या अक्षराच्या लहान-मोठ्या रूपाचा फरक आहे.

माहिती ज्या दिवशी उतरवली ती तारीख आणि संग्रहाची आवृत्ती फाईलच्या नावातच घालावी. हे संग्रह वेळोवेळी सुधारले जातात आणि त्याच क्रमांकाखालचा आकडा पुढच्या आवृत्तीत वेगळा असू शकतो. मटेरियल्स प्रोजेक्टची एपीआय किल्ली (प्रोग्राममधून माहिती मागवण्यासाठीचा वैयक्तिक संकेतशब्द) विनामूल्य मिळते. ती वर्गमित्रांना पाठवायच्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवू नये.

३. कोणते गुण घ्यायचे ते ठरवावे

गुणांचे ढोबळ तीन प्रकार होतात: घटक मूलद्रव्यांवरून काढलेले (विद्युतऋणता, अणुत्रिज्या यांच्या सरासऱ्या आणि तफावती), स्फटिकरचनेवरून काढलेले आणि मोजलेले किंवा गणलेले भौतिक गुण. मॅटमायनर या साधनसंचातून पहिल्या प्रकारचे मॅगपाय नावाचे १३२ रकाने एका आज्ञेत मिळतात, आणि तसे मिळतात म्हणूनच ते सगळे घेतले जातात. त्यात दोन अडचणी आहेत. अणुक्रमांक आणि अणुवस्तुमान हे जवळजवळ एकच गोष्ट सांगतात; दोन्ही घेतले की ‘जड आहे’ या एकाच गुणाला दुप्पट मत मिळते. दुसरे असे की रकाने वाढत गेले की सर्व जोड्यांमधली अंतरे एकमेकांसारखी होऊ लागतात आणि काही थोडे नोड विनाकारण सगळ्यांचेच शेजारी बनतात.

परस्परसंबंध ०.९ च्या वर असलेल्या रकान्यांपैकी एकच ठेवावा. दहा ते वीस रकाने, प्रत्येकाचे कारण एका ओळीत सांगता येईल असे, बहुतेक प्रकल्पांना पुरतात असे माझे मत आहे. केवळ मूलद्रव्यांवरून काढलेले गुण घेतले तर रुटाइल आणि ॲनाटेज यांच्यातले अंतर बरोबर शून्य येते, हेही लक्षात ठेवावे. रचनेचा प्रश्न असेल तर रचनेचे गुण हवेतच.

इशारा: ज्या गुणावरून शेवटी जाळ्याची परीक्षा घ्यायची, तो गुण इथे घेऊ नये. बँड गॅप घालून जाळे केले आणि मग ‘गटांचे बँड गॅप जुळतात’ असे दाखवले, तर काहीच सिद्ध होत नाही.

४. मापे एका पातळीवर आणावीत

हा टप्पा दोन ओळींचा असल्यामुळे विसरला जातो. पाच अर्धवाहक आणि तीन गुण घेऊन तो हाताने करून पाहावा. पुढील आकडे सामान्य तापमानाजवळच्या प्रचलित किमतींचे आहेत. क्रम जालक स्थिरांक अँगस्ट्रॉममध्ये, बँड गॅप इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आणि वितळणबिंदू सेल्सिअसमध्ये असा आहे.

सिलिकॉन: ५.४३१, १.१२, १४१४
जर्मेनियम: ५.६५८, ०.६६, ९३८
गॅलियम आर्सेनाइड: ५.६५३, १.४२, १२३८
इंडियम फॉस्फाइड: ५.८६९, १.३४, १०६२
कॅडमियम टेल्युराइड: ६.४८२, १.५०, १०९२

आकडे आहेत तसे ठेवून गॅलियम आर्सेनाइडपासूनचे सरळ अंतर काढले, तर सर्वांत जवळ कॅडमियम टेल्युराइड येते (सुमारे १४६), त्यानंतर इंडियम फॉस्फाइड १७६.०००२ आणि सिलिकॉन १७६.०००४. दोघांचे वितळणबिंदू गॅलियम आर्सेनाइडपासून १७६ अंशांवर आहेत, एवढेच या उत्तरात उरले. बँड गॅपमधला फरक चौथ्या दशांश स्थळी ढकलला गेला. सराफ बाजारातले ग्रॅम आणि कापूस बाजारातले क्विंटल एकाच बेरजेत मांडल्यासारखे हे आहे.

आता प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागावे. या पाच ओळींसाठी प्रमाण विचलने अनुक्रमे ०.३५९, ०.३०२ आणि १६३.४ येतात. नवी अंतरे अशी: इंडियम फॉस्फाइड १.२६, सिलिकॉन १.५९, कॅडमियम टेल्युराइड २.४९, जर्मेनियम ३.१२. पहिल्या क्रमांकावरचा पदार्थ तिसऱ्यावर गेला. माहिती तीच, सूत्र तेच, शेजारी मात्र बदलले.

एखाद्या रकान्यात काही थोडे आकडे फारच मोठे असतील, तर प्रमाण विचलन त्यांच्यामुळेच फुगते आणि उरलेले पदार्थ एका ढिगात दबले जातात. अशा रकान्याचा आधी लॉगॅरिथम घ्यावा, किंवा सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थक अंतर वापरावे.

फ्लाय ॲशसारख्या नमुन्यांचे जाळे करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: ऑक्साइडांची टक्केवारी नेहमी शंभरात बसवलेली असते, त्यामुळे सिलिका वाढली की बाकीचे आकडे आपोआप घटतात आणि नसलेले संबंध दिसू लागतात. टक्केवारी थेट न वापरता घटकांच्या गुणोत्तरांचा लॉगॅरिथम वापरावा.

५. अंतर मोजावे

सलग आकड्यांच्या, पातळीवर आणलेल्या रकान्यांसाठी साधे युक्लिडीय अंतर पुरते. कोसाइन साधर्म्य दिशा पाहते, आकार पाहत नाही. स्पेक्ट्रमसारख्या वक्ररेषांची तुलना करताना ते उपयोगी आहे, इतरत्र ते घेण्याचे कारण द्यावे लागेल. स्फटिकप्रणालीसारखे वर्गवाचक गुण १, २, ३ असे क्रमांक देऊन अंतरात घालू नयेत, कारण घनीय आणि षट्कोनी यांच्यात ‘चारचे अंतर’ असे काही नसते.

मेमरीचा हिशोब आधी करावा. दहा हजार पदार्थांच्या ४,९९,९५,००० जोड्या होतात आणि पूर्ण तक्ता ८०० एमबी घेतो. पन्नास हजारांचा तक्ता २० जीबी घेतो आणि आठ जीबीच्या संगणकावर तो उघडणारच नाही. मोठ्या यादीसाठी पूर्ण तक्ता न करता सायकिट-लर्न या पायथॉन साधनसंचातील निकटतम शेजारी शोधणारी पद्धत वापरावी. अंतरे निघाली की लगेच फाईलमध्ये साठवावीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे दुपारी संगणक तापून रखडतो आणि त्यात वीज गेली की सगळे पुन्हा करावे लागते.

तपासणी: आपल्याला चांगले माहीत असलेले दहा पदार्थ निवडून प्रत्येकाचे पाच जवळचे शेजारी डोळ्यांनी वाचावेत. शेजारी पटत नसतील तर पुढे जाऊ नये. दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याकडे परत जावे.

६. दुवे ठरवावेत

अंतरांचा तक्ता म्हणजे अजून जाळे झालेले नाही. त्यात प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध आहे. कोणते दुवे ठेवायचे हा निर्णय करणाऱ्याचा असतो आणि जाळ्याचा आकार बहुतांशी त्यातूनच येतो.

एक मार्ग म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले सर्व दुवे ठेवणे. यात ऑक्साइडांसारखा गर्दीचा भाग गच्च गोळा होतो आणि विरळ भागातले पदार्थ एकाकी पडतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येकाचे ठरावीक संख्येचे, समजा आठ, निकटतम शेजारी घेणे. यात ज्याला जवळचे कोणीच नाही अशा पदार्थालाही आठ दुवे बळेच मिळतात. मी दोन्हींचा मेळ सुचवीन: दुवा तेव्हाच ठेवावा, जेव्हा दोन्ही पदार्थ परस्परांच्या आठ शेजाऱ्यांत असतील आणि त्यांच्यातले अंतर एका कमाल मर्यादेच्या आत असेल. काही पदार्थ सुटे राहतील, ते तसेच राहू द्यावेत. वेगळेपण हीसुद्धा माहिती आहे.

आठ हा आकडा पवित्र नाही. पाचपासून पंधरापर्यंत आणि कमाल मर्यादेच्या काही किमतींसाठी तीन गोष्टींची नोंद करावी: सुट्या नोडांची संख्या, सर्वांत मोठ्या जोडलेल्या भागाचा आकार, आणि वेगळ्या तुकड्यांची संख्या. ज्या पट्ट्यात हे आकडे फारसे हलत नाहीत, त्यातली किंमत घ्यावी. चित्र सुंदर दिसते म्हणून किंमत निवडणे ही या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत मोहक चूक आहे.

७. जाळ्यात खरोखर काही आहे का, ते पाहावे

साधर्म्याच्या जाळ्यात त्रिकोण भरपूर असतात, कारण क हा ख च्या जवळ आणि ख हा ग च्या जवळ असेल, तर क आणि ग फार दूर असू शकत नाहीत. म्हणून ‘क्लस्टरिंग गुणांक (एखाद्याचे शेजारी आपसांतही जोडलेले असण्याचे प्रमाण) जास्त आला’ हा शोध ठरत नाही. दुवे इकडचे तिकडे करून बनवलेल्या यादृच्छिक जाळ्याशी तुलना केली, तर आपले जाळे दरवेळी जिंकते; ती परीक्षा फारच सोपी आहे.

त्याऐवजी मूळ तक्त्यातला प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे फेटावा. त्यामुळे प्रत्येक गुणाची सरासरी आणि पसरण तशीच राहते, फक्त गुणांमधला परस्परसंबंध तुटतो. त्यावरून पाचवा आणि सहावा टप्पा पुन्हा करावा, हे शंभर वेळा करावे आणि आपल्या जाळ्याचे आकडे त्या शंभरांच्या पसाऱ्यात कुठे बसतात ते पाहावे. आत कुठेतरी बसत असतील, तर गुणांची निवड पुन्हा करावी लागेल.

८. गट पाडावेत

गट पाडण्याची लूव्हाँ पद्धत सर्वत्र मिळते, पण तिच्या गटांतले काही आतून तुटलेले निघू शकतात. २०१९ साली मांडलेल्या लायडन पद्धतीत हा दोष दूर केला आहे, म्हणून ती वापरावी. मॉड्युलॅरिटीवर (गटांच्या आतले दुवे योगायोगाने असते त्यापेक्षा किती जास्त आहेत, याचे माप) आधारलेल्या पद्धती मोठ्या जाळ्यात लहान गट गिळून टाकतात, हेही ध्यानात असावे. रिझोल्यूशनच्या (गट किती लहान-मोठे पडतील ते ठरवणारा आकडा) तीन-चार किमती पाहाव्यात.

ही पद्धत यादृच्छिक आरंभावर चालते. वेगवेगळ्या सीडने (हा आरंभ ठरवणारा आकडा) ती अनेकदा चालवून मिळालेल्या विभागण्यांची आपसांत तुलना ॲडजस्टेड रँड निर्देशांकाने (दोन विभागण्या किती जुळतात याचे माप) करावी. प्रत्येक वेळी गट बदलणाऱ्या पदार्थांची वेगळी यादी करावी. दोन गटांच्या सीमेवर असलेले पदार्थ बरेचदा याच यादीत सापडतात आणि पर्यायी पदार्थ शोधणाऱ्याला तेच अधिक उपयोगी ठरू शकतात.

इशारा: सर्वांत जास्त दुवे असलेला पदार्थ ‘सर्वांत महत्त्वाचा’ असे लिहू नये. त्याच्यासारखे पदार्थ संग्रहात पुष्कळ आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि संग्रहात काय पुष्कळ आहे हे लोकांनी आजवर कशाचा अभ्यास केला यावर ठरते.

९. बाजूला ठेवलेल्या गुणावर परीक्षा घ्यावी

तिसऱ्या टप्प्यात मुद्दाम वगळलेला गुण आता बाहेर काढावा. प्रत्येक पदार्थासाठी त्याच्या शेजाऱ्यांच्या किमतींची सरासरी घेऊन ती प्रत्यक्ष किमतीशी ताडावी, आणि तितकेच शेजारी चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर किती चूक झाली असती, त्याच्याशी तुलना करावी. जाळ्याची चूक स्पष्टपणे कमी असेल, तरच ते त्या गुणाबाबत काही सांगते. कोणत्या गटात ती कमी झाली नाही तेही पाहावे. संपूर्ण यादीची एकच सरासरी अशा गटांना झाकून टाकते.

१०. आता चित्र काढावे

गेफी या जाळी काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडावी, जोडलेले नोड जवळ ओढणारी फोर्सॲटलास मांडणी चालवावी, गटांना रंग द्यावेत. चित्रातल्या डाव्या-उजव्याला, वर-खालीला अर्थ नसतो आणि दुवा नसलेले दोन नोड कागदावर शेजारी येऊ शकतात. म्हणून अंतराविषयीचे कोणतेही विधान चित्रावरून न करता तक्त्यावरून करावे. नोडांना लहान क्रमांक द्यावेत, शेकडो सूत्रे चित्रावर छापली की काहीच वाचता येत नाही.

अहवालासोबत पाच फाईली द्याव्यात: धुतलेली यादी, वगळलेल्या ओळी कारणांसह, गुणांचा पातळीवर आणलेला तक्ता, दुव्यांची यादी, आणि वापरलेले सीड व मर्यादा लिहिलेली एक साधी मजकूर-फाईल. मार्गदर्शकांच्या किंवा परीक्षकांच्या संगणकावर या पाचांतून तेच गट पुन्हा निघतात का, हे सादरीकरणाच्या आधी दुसऱ्याच एखाद्या संगणकावर चालवून पाहावे. पायथॉनच्या साधनसंचांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तर निकाल थोडा हलतो, म्हणून त्या आवृत्त्यांचे क्रमांकही त्याच मजकूर-फाईलमध्ये लिहावेत.